दट्ट्या गार होईपर्यंत

गुरुवार, ९ फेब्रुवारी १९३९. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचा सातचा भोंगा होऊन वीस मिनिटं झाली होती. जालन्यात स्टेशनच्या अंगाला कामगारांच्या घरांची ओळ होती. तिच्यातल्या चौथ्या घराच्या पुढच्या खोलीत चतुराबाई दगडावर बसून चाक फिरवत होती.

चाक बैलगाडीचं होतं. बाभळीच्या दोन खांबांमध्ये ते लोखंडी कण्यावर बसवलेलं होतं आणि त्याच्या एका आऱ्याला लाकडी मूठ ठोकलेली होती. चाकावरून निघालेला चामड्याचा पट्टा चार हातांवरच्या लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, जात होता. चाकाच्या एका फेऱ्यात लेथ अकरा वेळा फिरे. लेथपाशी तिचा नवरा रखमाजी वाकून उभा होता. लेथच्या तोंडात लहान पेल्याएवढा पितळेचा तुकडा गरगरत होता आणि रखमाजीनं आवळलेलं हत्यार त्याच्या अंगावरून कागदासारखा पापुद्रा काढत होतं. अशा एका पापुद्र्याला जिनमधले लोक कट म्हणत.

तो पितळेचा तुकडा वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे नळकांड्यात वाफेनं सरकणारा पिस्टन, होणार होता. इंजिन उंचीला एक वीत. बैठक, तांब्याचा बॉयलर, नळकांडं, लहानसं जड चाक, वाफ सोडायची चावी, सगळं तयार होऊन कोनाड्यात फडक्याखाली ठेवलेलं होतं. दट्ट्या तेवढा राहिला होता. सोमवारी एक केला होता, तो वाया गेला. हा दुसरा. तिसऱ्यापुरतं पितळ घरात नव्हतं.

रखमाजी हसनाबादचा, चार भावांतला तिसरा. जमीन चौघांना पुरत नव्हती म्हणून १९१३ साली तो जालन्याला आला आणि जिनमध्ये तेलवाला म्हणून लागला. लांब चोचीची झारी घेऊन पट्ट्यांच्या आणि चाकांच्या खालून वाकून जायचं, जिथं लोखंड लोखंडावर फिरतं तिथं तेल सोडायचं. पाळीतून सहा वेळा तो इंजिनघरात जाई. इंजिनाचा सांधा न् सांधा त्याला ठाऊक होता. कुठला सांधा किती तेल पितो, कुठला गरम होतो, हे ड्रायव्हरच्या आधी त्याला कळे. वाफेची चावी मात्र ड्रायव्हरनं फिरवायची. तेलवाल्यानं तिला हात लावायचा नाही, असा नियम होता.

१९२४ साली एकदा ड्रायव्हर राधाकिसन पान खायला बाहेर गेला असताना रखमाजीनं त्या चावीवर हात ठेवला. नुसता ठेवला. राधाकिसन दारातच उभा होता.

"रखमाजी," तो म्हणाला, "तुमचं काम तेलाचं. गाडीच हाकायची असंल तर हसनाबादला बैल हायेत की तुमचे."

इंजिनघरातले सगळे हसले. रखमाजीही हसला. संध्याकाळी घरी येऊन त्यानं ते वाक्य शब्दाला शब्द चतुराबाईला सांगितलं. त्यानंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

दोन वर्षांनी जिनच्या वर्कशॉपनं एक जुना लेथ भंगारात टाकला. त्याचा एक पाय तडकलेला होता आणि त्यावर मोठं काम होत नव्हतं. रखमाजीनं मॅनेजरकडे जाऊन दिवाळीच्या बक्षिसीऐवजी तो मागितला. चार माणसांनी उचलून तो घरी आणला. पण जिनमध्ये लेथ इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे, घरात त्याला फिरवणार कोण? त्याच साली भावांच्या वाटण्या झाल्या. मोडक्या गाडीच्या वाटणीत रखमाजीनं एक चाक मागून घेतलं. थोरला भाऊ भुजंग म्हणाला, "एका चाकाची गाडी घेऊन जालन्याला किती दिवसांत पोचशील?" रखमाजीनं चाक रेल्वेच्या मालडब्यातून आणलं.

पहिल्या दिवशी चाकावर त्यानं ओळीतलाच एक हमाल बसवला. हमालाला जोर होता, पण हात एकसारखा नव्हता. लेथ मध्येच पळे, मध्येच रेंगाळे, आणि हत्याराच्या खुणा पितळेवर लाटांसारख्या उमटत. चतुराबाई चुलीपाशी बसून तो आवाज ऐकत होती. थोड्या वेळानं ती उठली, हमालाला म्हणाली, "भाऊ, तुमी चहा घ्या," आणि त्याच्या जागी बसली. मंठ्याला माहेरी आणि हसनाबादला सासरी मिळून तिनं वीस वर्षं जातं ओढलं होतं. चाक फिरू लागलं आणि लेथचा आवाज एका सुरात आला. रखमाजीनं वळून पाहिलं आणि पुन्हा हत्यार धरलं. त्या दिवसापासून तेरा वर्षं चाकावर तीच होती.

या तेरा वर्षांत त्या खोलीतून विकायला म्हणून काही बाहेर गेलं नाही. ओळीतल्या लोकांची कुलपं दुरुस्त झाली, लग्नाच्या गॅसबत्त्यांचे आटे नीट झाले, आडाच्या रहाटाला नवा कणा बसला. कुणी वाटीभर तूर आणून दिली तर चतुराबाई ठेवून घेई. इंजिन मात्र कुणाच्या कामाचं नव्हतं. १९३१ साली रखमाजीनं भिंतीवर कोळशानं त्याचं चित्र काढलं. तेव्हा चतुराबाईनं विचारलं, "ह्याच्यावर काय चालणार?"

"काही न्हाई चालणार."

"मंग?"

"वाफ मी सोडणार," रखमाजी म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. गेल्या दसऱ्याला नळकांड्यासाठी आणि दट्ट्यासाठी पितळ लागलं तेव्हा आपल्या लग्नातला हंडा तिनं रिकामा करून पुढं ठेवला. तांबटानं तो आटवून एक पोकळ नळकांडं आणि दोन भरीव तुकडे ओतून दिले. हंड्याच्या जागी आता मातीचा डेरा होता.

चाकावर बसणाऱ्याला लेथ दिसत नाही, पाठ दिसते. चतुराबाईला मुठीतून कळायचं. कट खोल गेला की मूठ जड होई, हत्यार बोथट झालं की पट्ट्यातून बारीक थरथर येई. आणि गेल्या वर्षभरात मुठीतून तिला आणखी एक गोष्ट कळली होती. हत्यार पितळेला लागण्याआधी रखमाजी आता फार वेळ थांबत होता. हत्यार किती पुढं सरकवायचं ते ठरवायला हत्याराच्या दांड्यावर त्यानंच कानशीनं चाळीस रेघा मारल्या होत्या. पूर्वी तो एका नजरेत रेघ धरी. आता तो दांड्यावर नाक टेकेपर्यंत वाके. बशीत चहा ओतताना धार बशीबाहेर जाई. ओट्यावर कोण आलं ते तो पावलांवरून ओळखी. जिनमधलं तेलाचं काम हाताच्या सवयीनं होत होतं, म्हणून तिथं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दिवाळीनंतर तो एकटाच दवाखान्यात जाऊन आला. "चष्मा लागंल म्हनले," एवढंच त्यानं सांगितलं. चष्मा आला नाही.

हंगामात त्याची पाळी दुपारी तीनची असे, म्हणून सकाळ त्याची होती. घराचं दार पूर्वेला. सूर्य उगवल्यावर वीसेक मिनिटांनी ऊन उंबरा ओलांडून थेट लेथवर येई आणि नऊच्या सुमारास समोरच्या गोदामाच्या पत्र्यामागं जाई. तेवढ्याच वेळात त्याला रेघा दिसत. इंजिनाचं काम या दीड तासात कोंबलेलं होतं.

सोमवारी चूक झाली ती यातूनच.

लेथवरचा त्यांचा एक जुना रिवाज होता. पितळ कापताना तापतं आणि तापलं की फुगतं. म्हणून माप जवळ आलं की रखमाजी हात वर करी, चतुराबाई चाक सोडून चुलीपाशी जाई आणि भाकरी टाकी. चार भाकरी होईपर्यंत पितळ गार होई. मग पुन्हा माप, आणि शेवटचा कट. ही भाकरीची विश्रांती त्यानंच पहिल्या वर्षी घालून दिली होती आणि एकदाही मोडली नव्हती. सोमवारी त्यानं हात वर केला नाही. ऊन पत्र्याकडे सरकत होतं. त्यानं तापलेल्या दट्ट्यावरच नळकांडं सरकवून पाहिलं, एक कट घेतला, पुन्हा पाहिलं, आणखी एक घेतला. नळकांडं घट्ट आणि गुळगुळीत बसलं. तो खूश झाला. चतुराबाईला थांबायला हवं हे माहीत होतं. पण चाक कधी थांबायचं ते लेथवरच्या माणसानं सांगायचं. ती फिरवत राहिली.

संध्याकाळी, तो पाळीवर गेल्यावर, तिनं फडकं उचललं. नळकांड्याचं खालचं तोंड तळहातानं दाबून धरलं आणि दट्ट्या वरून सोडला. नीट बसलेला दट्ट्या आतल्या हवेवर तरंगत हळूहळू उतरतो, हे तिनं रखमाजीकडून अनेकदा ऐकलं होतं. हा खाडकन तळाशी आला. गार होऊन तो केसाच्या निम्म्याएवढा आकसला होता. वाफ त्याच्या कडेनं निघून गेली असती.

रात्री रखमाजीनंही तेच करून पाहिलं. दट्ट्या त्यानं डब्यात टाकला. मग म्हणाला, "तुझा हात हलला आज."

"हलला आसंल," चतुराबाई म्हणाली.

आज गुरुवार. सव्वाआठ वाजता शेजारची साळूबाई ताकाचं भांडं घेऊन ओट्यावर आली.

"चतुरे, ह्या वयात बी जुंपलंय का तुला?" ती म्हणाली. "आमच्या बैलाला तरी पोळ्याला सुट्टी ऱ्हाती."

"पोळ्याला मला बी ऱ्हाती. शिंगं तेवढी रंगवत न्हाईत."

"रखमाजीभाऊ, ऐकून राह्यले का? शिंगं रंगवा म्हनती."

"आधी शिंगं मोजावी लागतील," रखमाजी लेथवरून न वळता म्हणाला. साळूबाई हसत ताक ठेवून गेली.

कट चालू राहिले. आठ वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास रखमाजीनं लेथ थांबवायला सांगितला, नळकांडं दट्ट्याच्या तोंडाशी लावून दाबलं. ते आत जाईना. त्यानं बोटानं दट्ट्याची कड चाचपली. "दोन कट," तो म्हणाला. "दोन कट राह्यले. फिरव."

चतुराबाईनं मूठ धरली. उन्हाची कड लेथच्या पायाशी आली होती. रखमाजीचं नाक दांड्याला टेकलेलं होतं. तो रेघ शोधत होता. हात वर जाण्याचं चिन्ह नव्हतं. तिनं मूठ सोडली.

"फिरव," तो म्हणाला.

"भाकरी टाकायच्या हायेत."

"दोन कट झाल्यावर टाक."

"न्हाई. आत्ताच टाकते."

तो वळला. तेरा वर्षांत चाक तिच्या मनानं कधी थांबलं नव्हतं.

"उजेड जाऊन राह्यला," तो म्हणाला.

"जाऊ द्या."

ती चुलीपाशी गेली. पीठ मळलं, तवा ठेवला. रखमाजी लेथपाशी उभाच होता. एकदा त्यानं डाव्या हातानं पट्टा ओढून लेथ फिरवायचा प्रयत्न केला. लेथ पाव फेरा फिरून थांबला. मग तो चाकापाशी येऊन तिच्या दगडावर बसला. पहिली भाकरी फुगली, दुसरी फुगली. ऊन पत्र्यामागं गेलं आणि खोलीत नुसता उजेड राहिला, माणसं आणि वस्तू दिसतील एवढा.

चौथी भाकरी टोपलीत टाकून ती हात पुसत आली. दट्ट्याला हात लावला. गार होता.

"आता बघा," ती म्हणाली.

रखमाजीनं नळकांडं उचललं, दट्ट्याच्या तोंडाशी आणलं आणि दाबलं. ते एक सूतभर आत गेलं आणि अडकलं. मघाशी ते तोंडावरच थांबलं होतं. त्यानं काढून पुन्हा लावलं. पुन्हा तेवढंच गेलं.

"एकच कट राह्यला," तो म्हणाला. "तो बी हलका." मग थोड्या वेळानं, "दोन घेतले आसते तर गेला आसता."

तिनं दट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सोमवारी तू थांबली न्हाईस."

"तुमी फिरव म्हनले."

"हात हलला नव्हता तुझा."

"न्हाई."

रखमाजीनं नळकांडं कोनाड्यात ठेवलं. ठेवताना कोनाड्याची कड आधी बोटानं शोधली. चतुराबाईनं ते पाहिलं.

"दवाखान्यात काय म्हनले, खरं सांगा."

"मोतीबिंदू हाय म्हनले. दोन्ही डोळ्यांत." तो दगडावर बसला. "पिकला न्हाई अजून. पिकल्यावर या, मंग काढू. तोवर दिसायचं कमीच व्हत जाणार."

"किती दिवस?"

"कुणाचा वर्षात पिकतो, कुणाचा तीन."

"आन् रेघा?"

"एक दिसती, एक दिसत न्हाई. अंदाजानं धरतो."

शेवटचा कट अंदाजानं घेता येणार नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून कुणी ते बोलून दाखवलं नाही. जिनमधल्या कुणाला बोलवायचं म्हटलं असतं तर फिटर आला असता, राधाकिसनसुद्धा आला असता. रखमाजीनं ती नावं घेतली नाहीत. त्यानं डबा उघडला, सोमवारचा वाया गेलेला दट्ट्या काढला, आणि लेथमधला गार दट्ट्या सोडवून त्याच्या जागी तो आवळला.

"इकडं ये," तो म्हणाला.

"मी?"

"ह्याच्यावर शीक. हा गेलेलाच हाय. दांडा हळू फिरव, रेघ तुला दिसंल. एका वेळी एक. जास्त न्हाई."

चतुराबाई लेथपाशी उभी राहिली. इतकी वर्षं जी बाजू तिनं फक्त ऐकली होती ती आता समोर होती. हत्याराचं टोक तिला वाटलं होतं त्याहून लहान होतं. रखमाजी चाकावर बसला. त्यानं मूठ दोन्ही हातांनी धरली आणि चाक फिरवलं. लेथ पळाला, मंदावला, पुन्हा पळाला. तिनं एक रेघ मोजून हत्यार पुढं घेतलं. पितळेवर लाटा उठल्या, तेरा वर्षांपूर्वी हमालाच्या हातून उठल्या होत्या तशाच.

"तुमचा हात हलून राह्यला," ती म्हणाली.

रखमाजी थांबला. मग तो म्हणाला, "हलला आसंल."

"ढकलू नका. जात्यावानी ओढा. ओढलं की सोडायचं, त्ये आपसूक वर येतं."

त्यानं पुन्हा मूठ धरली. अर्ध्या तासात चाक पुष्कळसं एकसारखं फिरू लागलं. तिला रेघा दिसत होत्या. गोदामाच्या सावलीतही दिसत होत्या. एक, एक, एक अशा सात रेघा तिनं घेतल्या. सातव्या कटाला पापुद्रा तुटला नाही, लांब वळत खाली आला आणि तिच्या पायापाशी पडला. रखमाजीला तो दिसला नाही. कट बसला हे त्याला मुठीतून कळलं.

"थांब," तो म्हणाला. "हाच कट उद्या, खऱ्या दट्ट्यावर."

"आज का न्हाई? मला दिसून राह्यलं."

"तुला दिसतं. माझा हात दमला. शेवटच्याला हलायला नको."

तिला ते पटलं. तिनं लेथवरचा पितळेचा चुरा ब्रशनं झाडून डब्यात भरला. दुसरा दट्ट्या फडक्यात गुंडाळून नळकांड्याशेजारी ठेवला. रखमाजीनं भाकरी आणि साळूबाईचं ताक घेतलं, पावणेतीनला झारी उचलली आणि पाळीवर गेला. जाताना दारात म्हणाला, "चाकाच्या कण्याला तेल सोड. कुरकुरतो."

"तुमी तेलवाले. तुमीच सोडा आल्यावर."

रात्री अकराला पाळी सुटल्यावर घरी येऊन त्यानं ते सोडलं.

उद्या शुक्रवार. जालना निजामाच्या राज्यात, म्हणून जिनला जुम्म्याची सुट्टी असते, सातचा भोंगा होत नाही. चाकावर रखमाजी बसेल आणि लेथपाशी चतुराबाई. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि ऊन उंबरा ओलांडून लेथवर यायला त्यानंतर वीस मिनिटं लागतात.